जुना ट्रक नवा करताना : आधी ब्रेक, मग घोडे





गळीत हंगाम संपला, गव्हाण थंडावली, आणि रिवाजाप्रमाणे पुढच्या हंगामाच्या वाहतूक करारांची बोलणी सुरू झाली. यंदा त्या बोलण्यात एक नवा विषय आला आहे. आपल्यातील काही वाहनधारक सभासदांनी वाहतूक कमिटीपुढे अशी मागणी ठेवली आहे की, नवा ट्रक घेणे आता साध्या शेतकऱ्याच्या आवाक्यात राहिलेले नाही. तेव्हा घरच्या जुन्या गाड्या उघडून, त्यांत मोठे इंजिन बसवून व हौदा फूट-दीड फूट उंच करून त्या ऊस वाहतुकीस लावाव्यात, आणि ह्या कामासाठी कारखान्याने उचल द्यावी. ह्याच निमित्ताने आपल्या वर्कशॉपच्या मागे उभा असलेला जुना १२१० ट्रकही चर्चेत आला. कोणी म्हणतो भंगारात द्या. कोणी म्हणतो रंग देऊन गेटजवळ चौथऱ्यावर उभा करा. कोणी म्हणतो इंजिन बदला आणि पाठवा फडावर.

माझे मत आधीच सांगून टाकतो. जुनी गाडी नवी करणे हे शहाणपणाचे काम आहे, आणि आपल्या भागात ते करणारे हातही आहेत. पण मागणीत कामाचा जो क्रम दिसतो तो उलटा आहे. इंजिन आधी, हौदा आधी, आणि ब्रेक-स्टिअरिंगचे ‘बघू पुढच्या साली’! ह्या क्रमाला सभासदांच्या पैशातून एक रुपयाचीही उचल देऊ नये, असे मला स्पष्ट वाटते.

१२१० ही गाडी काय होती हे तरुण सभासदांना ठाऊक नसेल, म्हणून थोडे सांगतो. टेल्को ही कंपनी १९४५ साली जमशेदपूरला रेल्वेची इंजिने बनविण्यासाठी निघाली. १९५४ साली तिने जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार केला आणि ट्रक बनवावयास घेतले. बोनेट पुढे असलेली, नाकाची गाडी, आणि नाकावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा. हा करार १९६९ साली संपला. मग तारा गेला व त्या जागी ‘टी’ आला. त्या काळी कंपनीची धुरा सुमंत मुळगावकर ह्या मराठी माणसाकडे होती, हेही लक्षात असू द्यावे. (पुढे २००३ साली टेल्कोचे नाव टाटा मोटर्स झाले, पण गॅरेजवाल्यांच्या तोंडी अजून टेल्कोच आहे.) सहकारी साखर कारखानदारीही त्याच सुमारास उभी राहात होती. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५०-५१ च्या हंगामात कारखाना चालू केला, आणि त्यानंतर गावोगाव चिमण्या उभ्या राहिल्या. जवळचा ऊस बैलगाडीने येई, लांबचा ट्रकने. म्हणजे ही गाडी आणि आपली चळवळ एका पिढीची भावंडे म्हणावयास हरकत नाही.

आता गाडीच्या नावाकडे बघा. त्यातच तिची कुवत लिहिलेली आहे. १२१० मधले पहिले १२ म्हणजे गाडी व माल मिळून बारा टन; मागचे १० म्हणजे दहापट केले की शंभर घोड्यांची शक्ती. १६१२ म्हणजे सोळा टन, एकशेवीस घोडे. इंजिनाचेही तसेच. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९२ मिलिमीटर. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, व्यास ९७. ज्यांनी हे आकडे दिले त्यांनी काही लपविले नाही. लपवाछपवी आपण करतो, ती फडावर.

कशी ते बघू. बारा टनांपैकी रिकामी गाडी हौद्यासकट साडेचार ते पाच टन धरली, तर उसासाठी उरतात सात-साडेसात टन. हंगामात काट्यावर ह्याच गाड्यांचे आकडे काय पडतात, ते काट्यावरच्या बाबूला विचारावयास नको. आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशातील वजनाची स्लिप ते सांगते. दहा, अकरा, कधी बारा-तेरा टन नुसता ऊस! समजा, एकूण वजन बाराचे अठरा टन झाले. म्हणजे दीडपट. त्यात नवे इंजिन टाकले व जी गाडी ताशी चाळीस किलोमीटरने येत होती ती साठने येऊ लागली. वेगही दीडपट. पण ब्रेकवर पडणारा भार वेगाबरोबर सरळ वाढत नाही, तो वेगाच्या वर्गाने वाढतो. दीड गुणिले दीड म्हणजे सव्वादोन. त्यात वजनाचे दीडपट मिळवा, झाले तीनपटीच्याही वर, जवळजवळ तीन पूर्णांक चार. गाडी थांबविणारे ड्रम आणि लायनर मात्र तेच, पहिल्या वजनाला आणि पहिल्या वेगाला बनविलेले. हा हिशेब दहावीतल्या पोराला येतो. उचलीच्या मागणीत तो कुठेही दिसत नाही.

आणि ह्या गाड्यांचा ब्रेक म्हणजे तरी काय? आपल्या वर्कशॉपमागच्या गाडीत हायड्रॉलिक ब्रेक आहे, त्याला हवेची मदत. मास्टर सिलिंडरमधून निघणारी तेलाची एकच वाट चारी बाजूंना जाते. कुठेही एक पाइप फुटला किंवा चाकातल्या सिलिंडरचे रबर गेले, की चारी बाजूंचा ब्रेक एकदम गेला. नंतरच्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांची वाट वेगळी केली गेली ती ह्याचसाठी. तेव्हा ‘अपग्रेड’ हा शब्द वापरावयाचाच असेल तर तो इथे वापरा. नंतरच्या मॉडेलचा, दोन वेगळ्या लाइनींचा पूर्ण एअर ब्रेक, त्याला जुळणारे ॲक्सल, टाक्या आणि कॉम्प्रेसर ह्यांसह बसवून घेणे, हे खरे सुधारणेचे काम. ते अर्धवट होत नाही. ॲक्सल एका गाडीचा, चेंबर दुसरीचा आणि कॉम्प्रेसर भंगारातला, असा जुगाड जुन्या ब्रेकपेक्षाही वाईट. एवढा खर्च झेपत नसेल तर निदान सगळे पाइप नवे, सगळी रबरे नवी, ड्रम लेथवर फेस केलेले, आणि गाडी तिच्या मूळ वजनावर. जुने ब्रेक लायनर ॲस्बेस्टॉसचे असतात. ड्रम उघडल्यावर ती भुकटी हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. मिस्त्री लोक हसतात ह्याला, पण ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते ती जन्मभर.

ब्रेकच्याही आधी चासी पाहावी. गाडी पूर्ण उघडल्याशिवाय, हौदा आणि केबिन उतरवून चासी घासून धुतल्याशिवाय ती कळतच नाही. ऊस वाहणाऱ्या गाडीवर रस, मोलॅसिस, प्रेसमड, चिखल हे सगळे वर्षानुवर्षे बसते व त्याखाली लोखंड खात जाते. तडा बहुधा पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ, रिव्हेटच्या भोकापासून सुरू होतो. तिथे नुसती वेल्डिंगची रेघ ओढून वर काळा रंग मारला की गाडी विकावयास तयार होते, चालवावयास नव्हे. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवे वेल्डिंग केले तर तडा त्या वेल्डिंगच्या शेजारी पुन्हा येतो, आणि येतो तो भरल्या गाडीत. भोके गोल करून, आतून माप घेऊन पट्टी बसवून, बोल्ट-रिव्हेटने जोडणे हे वेळखाऊ काम आहे. पण चासीच वाकडी किंवा फार खाल्लेली निघाली तर तिथेच थांबावे. त्या गाडीचे सुटे भाग दुसऱ्या दोन गाड्यांना उपयोगी पडतील. तिच्यावर उचल काढून घर गहाण टाकू नये.

स्टिअरिंगचे किंग पिन, बुश आणि टाय रॉडची टोके हे स्वस्तातले सामान. पण हंगाम तोंडावर आला की नेमके हेच राहून जाते. चाक अर्धा वेढा फिरवल्यावर गाडी वळू लागते, आणि ड्रायव्हर म्हणतो, ‘सवय हाय मला’. त्याला असेल सवय. समोरून मोटारसायकलवर येणाऱ्याला नसते. पॉवर स्टिअरिंग बसविता येते व ड्रायव्हरच्या खांद्यांना त्याचा मोठा आराम आहे. मात्र झिजलेल्या जोडांवर पॉवर स्टिअरिंग म्हणजे लंगड्याला पळावयास लावणे.

चाकांबद्दल एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण ती रस्त्यापेक्षा पंक्चरच्या टपरीवर जीव घेते. ह्या जुन्या गाड्यांची ९.००-२० ची चाके लॉक रिंगची असतात. रिंग गंजलेली असेल किंवा नीट बसलेली नसेल, तर हवा भरताना ती तोफेच्या गोळ्यासारखी उडते. हवा भरताना चाक पिंजऱ्यात ठेवावे, तोंड त्यावर आणू नये, आणि खराब रिंग ठोकून-ठोकून पुन्हा वापरू नये. पिंजरा आपल्या वर्कशॉपात चार लोखंडी नळ्यांपासून एका दिवसात तयार होईल. तो गाडीतळावरच ठेवावा म्हणजे कोणाला लाज वाटावयास नको.

दिव्यांचे तर काय सांगावे! डायनामो काढून अल्टरनेटर बसविला की रात्रभर दिवे पिवळे पडत नाहीत. हे स्वस्त व चांगले काम आहे. पण मागचे लाल दिवे कितीही चांगले असोत, उसाची वाढ्यांसकट लोंबणारी टोके त्यांवर पडदा टाकतात. त्यासाठी दिवे खाली व बाहेर घ्यावे लागतात, आणि परावर्तक पट्टी हौद्याच्या अगदी कडेला लावावी लागते. अंधारात, रस्त्याच्या कडेला नादुरुस्त होऊन उभ्या असलेल्या उसाच्या गाडीवर मागून आदळून माणसे मेल्याची बातमी आपण दर हंगामात वाचतो.

आता इंजिन. मला इंजिनाचे वावडे नाही. चांगले बांधलेले ६९२ थंडीच्या पहाटे पहिल्या-दुसऱ्या फेरीत धरते तेव्हा कान तृप्त होतात, हे मी नाकारणार नाही. प्रश्न असा की तेच नीट बांधावयाचे, की ६९७ टाकावयाचे? पहिले सुमारे पावणेपाच लिटरचे, दुसरे सुमारे पावणेसहा लिटरला थोडे कमी. म्हणजे जवळजवळ अठरा टक्के मोठे. पण मोठे इंजिन एकटे येत नाही. त्याला रेडिएटर मोठा लागतो, क्लच मोठा लागतो, आणि त्याचा जोर जुन्या गिअरबॉक्सवर, प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसवर आणि मागच्या डिफरन्शिअलवर जातो. जे सगळ्यांत कच्चे ते आधी तुटते, आणि ते घाटात तुटते. त्यामानाने मूळचेच इंजिन नीट उघडून क्रँक मोजून ग्राइंड करणे, लायनर-पिस्टन नवे टाकणे, हेड फेस करणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डिझेल पंप व नोझल बेंचवर तपासून घेणे, ह्यात गाडीची मूळ शक्ती परत मिळते. ती बहुतेकांना कमी वाटते ह्याचे कारण त्यांनी ती कधी पाहिलेलीच नसते. वीस वर्षे दमलेलेच इंजिन चालविलेले. पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढविणारे मिस्त्री गावोगाव आहेत. गाडी चढाला जोरात ओढते आणि मागे काळा धूर सोडते. तो काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेले आपलेच डिझेल. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी ह्या कामातले जाणते कारागीर आहेत. चार पैसे जास्त गेले तरी तिथे जावे व क्रँकची मापे लिहून घ्यावीत.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस काढावा लागतो. इंजिन बदलावयाचे असेल तर परवानगी आधी घ्यावी, काम मागाहून, आणि नवा नंबर आरसी बुकावर चढवून घ्यावा. नाहीतर अपघातानंतर विमा कंपनीला हात झटकावयास आयतेच कारण मिळते. २०१८ साली दोन ॲक्सलच्या ट्रकची वजनमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेली हे खरे आहे, आणि फडावर ही बातमी फार आवडीने सांगितली जाते. पण आपल्या गाडीची मर्यादा आपल्या गाडीच्या कागदावर असते तीच. १२१० ची चासी दिल्लीच्या अधिसूचनेने जाड होत नाही. २०२१ साली पन्नास वर्षांवरील जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देण्याचे नियम आले, त्याचीही चर्चा ऐकली. त्या नोंदणीवर धंदा करता येत नाही, शिवाय गाडी मूळ रूपात ठेवावी लागते. म्हणजे इंजिन बदलून ऊस वाहणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य.

माझ्या म्हणण्यावर वाहनधारक मित्रांचा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो पोकळ नाही. ते म्हणतात, ‘सात टनच भरायचा तर खेपा दीडपट, डिझेल दीडपट, आणि गाडीचा हप्ता फिटणार कसा?’ बरोबर आहे. कमी भरले तर टनामागे वाहतूक महाग पडणार. आणि तो खर्च शेवटी तोडणी-वाहतुकीच्या खात्यातून आपल्या सर्वांच्या ऊस बिलातून वळता होणार. जो सभासद मुकादमाच्या नावाने ओरडतो आणि वाहतूक दर वाढवू नका म्हणून सभेत हात वर करतो, तोच खरे म्हणजे तेरा टन भरावयास लावतो. दराचा प्रश्न दराने सोडवावा. टायर, पाटे आणि ॲक्सल तोडून तो सुटत नाही. शिवाय, भरलेली गाडी वाटेत मोडून दीड-दोन दिवस पडली तर काय होते? तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, साखरेचा उतारा घटतो. उतारा सगळ्या कारखान्याचा मिळून धरला जातो, म्हणजे एकाच्या मोडलेल्या ॲक्सलचा भुर्दंड सगळे भरतात. एवढे धरूनही मूळ वजनाने वाहतूक थोडी महागच पडेल, असे माझे प्रामाणिक मत आहे. तो महागपणा आपण सोसावा.

कारण त्या गाडीत ऊसच असतो असे नाही. हंगामाच्या सुरुवातीस बीड, पाथर्डीकडची तोडणी कामगारांची बिऱ्हाडे ह्याच हौद्यांतून येतात. चूल, हंडे, कोंबड्या, आणि वर पोती धरून बसलेली लेकरे. मालट्रकमधून माणसे आणणे नियमाच्या बाहेरचे आहे व ते बंदच व्हावयास हवे, पण जोवर ते डोळ्यांदेखत चालले आहे तोवर एका तेलाच्या पाइपवर त्या लेकरांचा जीव टांगलेला आहे, हे उचलीच्या अर्जावर सही करणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवावे.

म्हणून माझी सूचना अशी. कारखान्याने उचल द्यावी, अवश्य द्यावी, पण ती चासी, ब्रेक, स्टिअरिंग, चाके आणि दिवे ह्या कामांसाठीच, आणि बिल पाहून टप्प्याटप्प्याने. इंजिनासाठी उचल त्यानंतरच्या वर्षी, तीही मूळचेच इंजिन बांधण्यास. हौदा उंच करण्यास मुळीच नाही. उलट हौद्याच्या आतल्या फळीवर साडेसात टनांची लाल रेघ मारून द्यावी. बंद हंगामात आपल्या वर्कशॉपचे लेथ मिलच्या रोलरांचे काम झाल्यावर बराच काळ मोकळे असतात. ड्रम फेस करणे, बुश बनविणे ही कामे सभासदांना ना नफा तत्त्वावर करून द्यावीत. मिल आपण दरवर्षी उघडतो, प्रत्येक रोलर मोजतो, चाचणी घेतल्याशिवाय मोळी टाकत नाही. मग त्या मिलपर्यंत ऊस आणणारी गाडी मात्र नुसता नारळ फोडून रस्त्यावर का यावी?

आणि वर्कशॉपमागची ती गाडी चौथऱ्यावर चढवू नये, भंगारातही देऊ नये. ती सर्वांत आधी उघडावी. चासी चांगली निघाली तर तिचे ब्रेक, स्टिअरिंग पूर्ण करून तीवर पाच हजार लिटरची पाण्याची टाकी बसवावी. पाच हजार लिटर म्हणजे पाच टन पाणी आणि वर टाकीचे वजन, गाडीच्या कुवतीत बसते. टाकीत आडवे पत्रे टाकावेत म्हणजे पाणी फार हेलकावणार नाही. बगॅसच्या ढिगाला किंवा गाडीतळाला आग लागली तर बाहेरच्या बंबाची वाट पाहावी लागणार नाही. काम चालू असताना कोणाही सभासदाने येऊन बघावे, प्रत्येक भागाचे माप व बिल वर्कशॉपच्या दारावरच्या फळ्यावर लावावे, म्हणजे जुनी गाडी खरोखर कितीला नवी होते हे उचल मागणाऱ्यालाही कळेल आणि देणाऱ्यालाही.

हा विषय वार्षिक सभेपुढे येणारच आहे. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी ते वाहतूक कमिटीकडे सभेपूर्वी लेखी द्यावे, आणि सोबत आपल्या गाडीचे आरसी बुक व मागच्या हंगामातील वजनाच्या स्लिपाही जोडाव्यात.



एक वाहनधारक सभासद